लग्नाचे फोटो मी पुसू दिले नाहीत

माझा घटस्फोट झाला तेव्हा घरातल्यांनी न बोलताच एक ठराव केला. लग्नाचा विषय काढायचा नाही. लग्नातला शालू वहिनीने ट्रंकेच्या तळाशी घातला, रुखवताची भांडी माळ्यावर गेली. लग्नाचा अल्बम सासरीच राहिला होता. मामा मागायला गेले तर ‘जाळला’ म्हणून सांगितलं. खरं-खोटं त्यांनाच माहीत.

फोटो उरले ते एकाच ठिकाणी, दादाच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर. दादाचं चौसाळ्यात रस्त्याला लागून खत-बियाण्यांचं दुकान आहे. घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलमधले, कॅमेऱ्यातले फोटो तो तिथेच भरून ठेवायचा. मी पाटोद्याला शाळेत गणित शिकवते, तिथेच खोली घेऊन राहते आणि शनिवारी गावी येते. अशाच एका शनिवारी दुकानात बसले होते. गिऱ्हाईक नव्हतं म्हणून फोटो उघडले. चिमुकल्या चित्रांच्या रांगा नेहमीसारख्या दिसत होत्या, पण कुठल्याही चित्रावर दाबलं की पडदाभर नुसता राखाडी रंग.

“दादा, काय केलंस याला?”

“जागा मोकळी करत होतो. सगळे फोटो दुसरीकडं हलवायला लावलते अन् मधीच लाईट गेली.” मग म्हणाला, “तुझ्या लग्नाचे बी गेले. बरंच झालं म्हण. देवानंच पुसलं.”

“देव कशाला येतोय माझे फोटो पुसायला? लाईट गेली म्हणून गेले. कॉम्प्युटर बंद कर.”

“कावून?”

“यात आता नवीन काही भरलं तर उरलेसुरले फोटो पण जातील.”

“आगं, दुकानाचं सगळं यात हाय! हंगाम चालू हाय, येडी झाली का तू?”

मी कॉम्प्युटर बंद केला. शाळेतले दहा-बारा जुने कॉम्प्युटर बरीच वर्षं माझ्याच गळ्यात आहेत, त्यामुळे पेचकस घेऊन आतली डिस्क काढायला मला कुणाची गरज पडली नाही. सोमवारी शाळेची रजा टाकून बीडहून नवीन डिस्क आणून बसवून दिली. जुनीवरचं दुकानाचं सगळं तिच्यावर उतरवून दिलं. तरी दादाने आठवडाभर माझ्याशी अबोला धरला.

आईचं म्हणणं वेगळंच होतं. “लोक विसरायला नवस करतात, अन् तू उकरून काढायलीस. काय ठेवलंय त्या फोटोत?”

मला एवढंच कळत होतं की माझ्या आयुष्यातले लग्नाचे ते तीन दिवस ठेवायचे की टाकायचे, हे मला कुणी विचारलेलंच नाही. नवऱ्याने नोकरी सोड म्हटलं, मी सोडली नाही, म्हणून संसार मोडला. त्या मोडण्याची मला लाज वाटत नव्हती. मग त्याच्या सुरुवातीचीच का वाटावी?

पाटोद्याच्या खोलीत मी आधी माझ्या लॅपटॉपवर त्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल काढली आणि मूळ डिस्क कपाटात ठेवून दिली. पुढची सगळी खटपट नकलेवर. हरवलेल्या फायली हुडकणारा एक फुकटचा प्रोग्राम लावला. त्या शनिवारी गावी गेलेच नाही; रविवार अख्खा तो चालत राहिला आणि मग फोटो बाहेर पडू लागले, बिननावाचे, कसलाच क्रम नसलेले. खताच्या गोण्या. कापसावरची अळी. शेजारच्या मेंढरवाड्याची मेंढरं. पुतण्याचे वाढदिवस. कुणाकुणाचे ‘शुभ सकाळ’ लिहिलेले गुलाब, ते तर एकही मेला नव्हता. माझ्या लग्नाचे मात्र निम्म्याहून जास्त उघडतच नव्हते.

वाचून वाचून एक गोष्ट समजली. फोटोच्या फाईलच्या अगदी सुरुवातीला थोडी माहिती असते, फोटो केवढा आहे, रंग कसे वाचायचे. तेवढाच भाग गेला असेल तर त्याच कॅमेऱ्याने, त्याच मापात काढलेल्या चांगल्या फोटोची सुरुवात तिथे जोडता येते. म्हणजे मला तो कॅमेरा हवा होता.

लग्नाचे फोटो काढणारे काका चौसाळ्यातलेच. त्यांच्याकडचे आमचे फोटो त्यांनी कधीच पुसून टाकले होते. पण कॅमेरा होता. पासपोर्टच्या फोटोंना ते तोच वापरत. मी काय हवंय ते सांगितलं तसे ते खुर्चीत मागे टेकले.

“बाई, तुमचं तर… म्हंजे झालं ना ते सगळं? मग कशाला?”

“काका, लग्न मोडलं. तुमी फोटो तर चांगले काढलते ना?”

ते हसले. “चांगलेच काढलते. लई ऊन होतं त्या दिवशी.”

मग त्यांनी लग्नाच्या वेळच्या मापावर कॅमेरा लावून मला भिंतीपुढे उभं केलं आणि दोन फोटो काढले, एक आडवा, एक उभा.

हे जमायला कितीतरी रविवार गेले. कधी फोटो उघडे पण चेहरे हिरवे असत. कधी अर्धा मांडव डावीकडचा उजवीकडे सरके. काही आले ते फक्त वरचा तुकडा, खाली तोच राखाडी पट्टा. पण येत गेले. आणि एका रविवारी तो आला, ज्याची मी आशाच सोडली होती.

नवरदेवाचा परण्या वाजतगाजत मांडवापाशी आला तेव्हा हलगी अशी काही कडाडली होती की मला राहवलं नाही. शालू नेसलेली, मुंडावळ्या बांधलेली मी बाहेर आले आणि नाचले. सासरचे लोक बघत राहिले. पुढे चार वर्षं घरात काहीही बिनसलं की सासूबाई म्हणायच्या, “नवरी नाचली तवाच समजलं होतं.” फोटोत मी हात वर करून नाचत होते. कमरेखालचं सगळं राखाडी. आणि माझ्या शेजारी, पदर खोचून, तोंड उघडं टाकून हसत, आई नाचत होती.

आईला मुद्दाम लॅपटॉपवर दाखवला. बराच वेळ बघितलं तिने. म्हणाली, “पूस हा.” मग लगेच, “थांब. जरा मोठा कर.” मी मोठा केला. “येवढी बारीक होते का गं मी?”

मामांचं आणखी एक मत होतं. फोटो ठेवायचेच तर त्यातून त्याला तरी कापून टाक. मी नाही म्हटलं. तो तिथे होता. माझ्या शेजारी पाटावर बसला होता, आणि त्या दिवशी मला आवडलाही होता. त्याला कापून मी स्वतःलाच खोटी कशाला पाडू?

नाचाचा फोटो मी फोटोवाल्या काकांकडून मोठा करून घेतला, खालची राखाडी पट्टी तशीच ठेवून, आणि घरात बैठकीच्या भिंतीवर लावला. दादा म्हणाला, “काढ तो, पाव्हणे यायचेत.” गेवराईकडून मला बघायला येणार होते, मामांनीच ठरवलेलं. मी म्हणाले, “तुला काढायचा असंल तर काढ. मी मग बैठकीत येणार न्हाई.” दादाने खुर्ची ओढली, फोटोखाली नेली आणि तिच्यावरच बसून राहिला.

पाहुणे आले. पोहे झाले. मुलाच्या काकांची नजर भिंतीवर गेली.

“हा फोटो कुणाचा?”

मामा घाईने म्हणाले, “ते आपलं, घरातल्याच एका लग्नातला…”

“माझ्या लग्नातला हाय,” मी म्हणाले. “ती मी. नाचायले.”

मुलाचे काका पुन्हा म्हणाले, “अन् शेजारी?”

मामांनी आईकडे बघितलं. दादाने बघितलं. आई दारात ट्रे धरून उभी होती.

“मी हाय ती,” आई म्हणाली. “पोरीच्या लग्नात नाचायचं न्हाई तर कवा नाचायचं?”

ते लोक पुन्हा आले नाहीत. मामा महिनाभर घुश्श्यात होते. मी सोमवारी सकाळी नेहमीच्या एसटीने पाटोद्याला गेले आणि आठवीला वर्गमूळ शिकवलं.