त्यानं हँडल ओढलं होतं

माझा धाकटा भाऊ हवाई दलात लढाऊ विमान चालवत असे. उतरताना, धावपट्टी समोर दिसत असताना, विमान कोसळलं आणि तो गेला. कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते. पुढचं लोकच मला सांगतात.

नालवाडीच्या आमच्या घरी लोक बसायला येऊ लागले. सतरंजीवर मांडी घालायची, भिंतीकडे बघून एक सुस्कारा सोडायचा, आणि थोड्या वेळानं खिशातून फोन काढायचा. फोनमध्ये कुठल्या तरी परदेशी कसरतींची चित्रफीत असे. विमान जमिनीला लागणार एवढ्यात वरची काच उडते, खुर्चीसकट माणूस बाहेर फेकला जातो, पॅरॅशूट उघडतं न उघडतं तोच त्याचे पाय जमिनीला लागतात. मागे आगीचा लोळ. क्रिकेटमधला झेल दाखवावा तसं लोक मला ते दाखवत.

"हे पाहा ना मॅडम," कापूस बाजारातले एक अडते म्हणाले. "विमान टेकून राह्यलं, अन् हा गडी फुर्र! खाली आला, कपडे झटकले अन् चालाले लागला."

"माणूस नाई, पतंग हाय तो," त्यांच्यासोबत आलेले गृहस्थ म्हणाले. दोघं हसले, मग कुठे बसलो आहोत ते आठवून थांबले.

"मंग आपल्यानं काऊन नाई मारली उडी?"

मी म्हटलं, आवाज बंद करा. त्यांना राग आला. "माहिती म्हणून दाखवून राह्यलो, मॅडम. तुमी तं शिकलेल्या."

आतल्या खोलीत माझी भावजय होती. मधे नुसता पडदा. प्रत्येक चित्रफितीच्या शेवटी बघ्यांचा एक मोठा चीत्कार येई आणि मग टाळ्या. दिवसभरात तिनं किती अनोळखी माणसं मरता मरता वाचताना ऐकली असतील! कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. मला त्या काळात माणसांचा जो तिटकारा आला तो अजून पुरता गेलेला नाही, आणि जावा म्हणून मी काही करतही नाही.

'उडी का नाही मारली' याचं उत्तर माझ्या काकांनी शोधून काढलं. काकांचं वर्ध्याला कापडाचं दुकान आहे. वडील गेल्यापासून घरातले निर्णय तेच घेतात. "खाली गाव होतं," ते येणाऱ्याला सांगू लागले. "गावावर पडू नये म्हणून पोरगं शेवटपर्यंत आत बसून राह्यलं. उडी मारता येत होती, नाई मारली." हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पण ते ऐकताच लोक फोन खिशात ठेवत आणि हात जोडत, त्यामुळे ते टिकलं. दुसऱ्या दिवशी त्या गावात शाळाही आली.

शवपेटीसोबत भावाचा एक सहकारी वैमानिक आला होता. तो दिवसकार्यापर्यंत राहिला. अंगणात मी त्याला विचारलं, खाली काय होतं? तो हिंदीत म्हणाला, "पडीक रान, दीदी. बाभळी." मग मी विचारलं, त्यानं उडी मारली नव्हती का?

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं, मी ऐकू शकेन का ते बघत असावा. "खुर्चीचं हँडल ओढलं होतं," तो म्हणाला. विमान तोवर कुशीवर कलंडलं होतं. खुर्चीला आभाळ कुठे नि जमीन कुठे ते कळत नाही. विमानाचं छत जिकडे, तिकडे ती माणसाला फेकते. ती वर गेली नाही, आडवी गेली. पॅरॅशूट उघडायला जी उंची लागते ती तिला मिळाली नाही. एक श्वास आधी ओढलं असतं तर तो इथे, अंगणातल्या या खुर्चीवर बसला असता.

मी हे काकांना त्याच दिवशी सांगितलं. ते दाराकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "हे बाहेर कोणाले सांगजो नको. विमान सोडून पळून राह्यला होता म्हणतील."

"पळूनच जायचं असतं, काका. त्यासाठीच ती खुर्ची असते."

"तुले नाई समजत. गाडी सोडून पळते त्या डायवरले लोक काय म्हणते?"

दहाव्याला पवनारला धाम नदीवर गेलो. बायकांनी यायची पद्धत नाही असं काका म्हणाले. भावजय आणि मी तरीही निघालो, मग आत्या आणि इतर बायकाही आल्या. पिंड ठेवला. कावळे समोरच्या झाडावर होते, पण एकही खाली उतरेना. मृताची इच्छा राहिली असली की कावळा शिवत नाही, म्हणून मग आमच्यात एकेक जण पुढे होऊन वचन देतो. आत्यानं सांगितलं, तुह्या बायकोले अंतर देणार नाई. मामांनी सांगितलं, घराचं बघू. कावळे तसेच. शेवटी काका पुढे झाले, हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाले, "बाबू, तू गाव वाचवलं हे आमी साऱ्या जगाले सांगू. चौकात तुह्या नावाचा बोर्ड लावू."

कावळा उतरला. पिंडाला चोच लावली.

बायाबापड्या रडू लागल्या. काकांनी वळून माझ्याकडे पाहिलं. "आता? कावळा कधी खोटं बोलते का?"

तेव्हापासून ते सिद्धच झालं. बाजारात सांगताना लोक आधी कावळ्याचं सांगत, मग विमानाचं. माझ्याजवळ फक्त एका वैमानिकाचं म्हणणं होतं, आणि त्याला पंख नव्हते.

घरी परतल्यावर भावजय माझ्या खोलीत आली. ती रडत नव्हती. "ताई, त्याला खरंच उडी मारता येत होती?" तिनं विचारलं. "मग त्या गावातली माणसं आठवली आणि मी नाही आठवले?"

काकांच्या त्या गोष्टीनं तिच्यावर काय केलं होतं ते मला तेव्हा कळलं. सगळे ज्याला हात जोडत होते त्या माणसानं तिला मुद्दाम सोडलं होतं, आणि त्याबद्दल तिला रागावायचीही सोय नव्हती.

मी तिला सगळं सांगितलं. बाभळीचं रान, कलंडलेलं विमान, आडवी गेलेली खुर्ची. ते ऐकायला भयंकर होतं. मी काहीच मऊ केलं नाही. ती म्हणाली, पुन्हा सांगा. मी पुन्हा सांगितलं.

बोर्ड तयार झाला. 'गावासाठी उडी नाकारणारा वीर' अशी अक्षरं होती, वर फुलांचा हार. अनावरणाच्या सकाळी काका गाडी घेऊन दारात आले. भावजय बाहेर आली, घरच्याच साडीत.

"मी येत नाही," ती म्हणाली. "त्यानं उडी नाकारली नव्हती. घरी यायला निघाला होता तो."

"पोरी, लोक जमून राह्यले तिथं."

"तुम्ही जा. कावळ्याला घेऊन जा."

काका मला काय काय बोलले ते मी लिहीत नाही. ते गेले. चौकातला लाउडस्पीकर घरापर्यंत ऐकू येत होता. भावजयीनं खिडकी लावली, भावाच्या फोटोसमोर बसली आणि जिवंत माणसाशी बोलावं तशी त्याच्यावर ओरडली, "पण मग इतका उशीर का केलास?"

तिच्या लग्नानंतर या घरात मी तिला त्याच्यावर पहिल्यांदाच चिडलेली पाहत होते. मी दार ओढून घेतलं आणि तिला भांडू दिलं.