मशीनमध्ये अडकलेला शेला

मोखाड्यात कुणाच्या घरी कपडे धुवायचं मशीन अडलं की आधी माझा फोन वाजतो. कंपनीला फोन नंतर होतो, आणि झाला तरी उपयोग नसतो. "तुमचा पिनकोड आमच्याकडे दाखवत नाही," असं तिकडची मुलगी गोड आवाजात सांगते. मी पिनकोड विचारत नाही. पाना, चिमटा आणि जुना टूथब्रश पिशवीत टाकते आणि निघते. हे मी फुशारकीने सांगते आहे, आणि सांगणारच. ओल्या फरशीवर गुडघे टेकून ती कमावली आहे.

मी मूळची जव्हारची, जुन्या संस्थानाच्या गावची. लग्न होऊन इथे आले तेव्हापासून "राजाच्या गावची" हा टोमणा माझ्या पदराला बांधलेला आहे. चहात साखर कमी पडली, राजाच्या गावची. अंगणात चप्पल घालून गेले, राजाच्या गावची. यात सगळ्यात पुढे माझे सासरे. ते तोंडावर म्हणत, हसत म्हणत, आणि मीही तोंडावरच उत्तर देत असे. घरात मी शिवणकाम करते. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश. यंत्राची भीती मला कधी वाटली नाही. बॉबिनखाली साचलेला कापूस काढला की निम्मी शिलाई मशीनं सुरू होतात, हे मला फार आधी कळलं होतं.

सासूबाईंचे हात थरथरायला लागले त्या वर्षी आम्ही मशीन घेतलं. समोर गोल काचेचं दार असलेलं. नाशिकहून टेम्पोत चढून, त्र्यंबकवरून घाट उतरत आलं. आळीतल्या बायका बघायला जमल्या. "सूर्यमाळला बाया हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरतात, आन हिला पाणी पिणारं मशीन पायजे," असं एक जण माझ्या कानावर पडेल अशा बेताने म्हणाली. मी तिला तिथल्या तिथे समजावलं, की पाणी ढोसतं ते वरून कपडे टाकायचं मशीन. हे थोडक्यात भागवतं. तिला पटलं नाही. सासऱ्यांनाही पटलं नाही.

"कापूस दगडावर आपटल्याबिगर उजळत नाय," ते म्हणाले.

"आतही आपटतंच, बाबा. वर नेतं आणि खाली टाकतं."

"मंग दगडानं काय पाप केलं होतं?"

पहिल्याच दिवशी मशीनने माझी अब्रू घेतली. कपडे पिळायला लागलं तसं थडथडायला लागलं, कोपरा सोडून निघालं आणि फरशी ओरबाडत थेट देव्हाऱ्यासमोर येऊन थांबलं. सासरे म्हणाले, "दर्शनाला आलंय. नारळ द्या त्याला." सगळं घर हसलं. मी रागाने सोबतचं पुस्तक पहिल्या पानापासून वाचलं. आतला ड्रम वाटेत हलू नये म्हणून पाठीमागे चार लांब बोल्ट घट्ट बसवलेले असतात, ते काढल्याशिवाय मशीन चालवायचंच नसतं. कुणी काढले नव्हते, कुणी सांगितलंही नव्हतं. मीच पाना आणून ते काढले. मग वर पाण्याचं ताट ठेवलं आणि ताटातलं पाणी एका बाजूला जाईनासं होईपर्यंत मशीनचे पाय फिरवत बसले. त्यानंतर ते जागचं हललं नाही.

पुढे एकेक दुखणं निघत गेलं. हाताने धुवायची पावडर मुठीने घातली, तर फेस दारापर्यंत. पहिल्या पुराचं लाल पाणी टाकीत आलं, तर मशीनमध्ये पाणीच शिरेना. नळी जोडतो तिथे नखाएवढी जाळी असते, ती गाळाने बंद झालेली होती. टूथब्रश तेव्हापासून पिशवीत आहे. पावसाळ्यात कपड्यांना कुबट वास यायला लागला, तर दाराच्या रबराच्या घडीत काळी बुरशी. आमच्याकडच्या पावसात भिंतीला आणि माणसाला बुरशी येते, तिथे रबराचं काय! घडी पुसायची आणि दार उघडं ठेवायचं, एवढाच इलाज. हे मी आधी माझ्या घरात शिकले, मग शेजारणीला सांगितलं, मग तिच्या बहिणीला. बघता बघता मोखाड्यात आणि माहेरी जव्हारातही मशीनं वाढली, आणि माझा भाव वधारला. प्रत्येक घरी निघताना मी एकच प्रवचन देत असे. "आधी खिसे बघा. नाणं, पिन, चावी, आत काही जाता कामा नये."

सासूबाईंना मात्र मशीनचा लळा लागला होता. त्या पाटावर बसून काचेतून कपडे फिरताना बघत. "माझं लुगडं आलं बघ वर," असं मला हाक मारून सांगत. दोन वर्षांपूर्वी, पेरणीच्या आधी, त्या गेल्या. पाट तिथेच राहिला.

आता शेल्याचं सांगते. आमच्याकडे बोहाडा असतो, देवांचे मुखवटे घालून सोंगं नाचतात. कुठलं सोंग कुठल्या घराने नाचवायचं हे पिढ्यांपासून ठरलेलं. आमच्या घराकडे कुठलं, ते सांगत नाही. सांगितलं तर मोखाड्यातलं शेंबडं पोरही आमचं दार दाखवेल. आमचं सोंग उजाडता उजाडता निघतं. मुखवटा लाकडी, आणि कमरेला हातमागाचा, लाल काठांचा एक शेला. सासऱ्यांच्या आजोबांपासूनचा. सासरे उभं आयुष्य तो शेला बांधून नाचले. तो धुवायच्या फक्त सासूबाई, रिठ्याच्या पाण्यात, हाताने.

त्या गेल्या त्या वर्षी घरात दुखवटा होता, पुढच्या बोहाड्याला पेटी उघडलीच नाही. यंदा सासऱ्यांच्या गुडघ्याने पुरता नकार दिला. सोंग माझ्या नवऱ्याकडे जायचं ठरलं. आमच्या घरची रीत अशी, की थकलेल्याने तोच शेला नव्याच्या कमरेला स्वतःच्या हाताने बांधायचा. शेला नाही तर सोंग पुढे जात नाही. दुसरं कापड चालत नाही, म्हणजे नाहीच.

आदल्या दिवशी दुपारी सासऱ्यांनी पेटी उघडली. शेल्याला दमट वास येत होता आणि काठावर घामाचे पिवळे डाग होते. तो मांडीवर घेऊन ते डागांवरून अंगठा फिरवत बसले.

"तिचं काम होतं हे," ते म्हणाले.

मला बघवलं नाही. आणि खरं सांगायचं तर माझ्यातली राजाच्या गावचीही जागी झाली. मी म्हटलं, "द्या इकडे. असा धुऊन देते की ओळखणार नाही."

"फाटला तर?"

"फाटला तर मी जव्हारला परत जाते."

मी काळजी घेतली, नाही असं नाही. एकटं कापड गोळा होऊन मशीन धडधडतं, म्हणून सोबत दोन मऊ पंचे टाकले. गार पाणी, हलकी धुलाई, पावडर चिमूटभर. शेल्याच्या टोकाला माझ्या बोटांना एक गाठ लागली. दशांची असेल, असं वाटलं. गाठ बोटांना लागली, डोक्यात शिरली नाही. खिसे बघा म्हणून गावभर सांगणारी मी, शेल्याला खिसा कुठून असणार म्हणून दार लावून मोकळी झाले.

अर्ध्या तासाने मशीन घुमल्यासारखं झालं, दोनदा कण्हलं आणि बंद पडलं. काचेच्या निम्म्यापर्यंत साबणाचं पाणी, त्यात शेला, आणि दार कुलूपबंद.

नवरा धावत आला. त्याने दार ओढून पाहिलं, मग म्हणाला, "पहार आणू का?"

"पहार आणलीत तर आधी मला ओलांडा," मी ओरडले. आयुष्यात इतक्या मोठ्याने मी त्याच्यावर ओरडले नव्हते. मागे सासरे उभे होते. ते टोमणा मारतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी मारला नाही. ते पुढे येऊन काचेतून शेला शोधू लागले. ज्या गोष्टीचा मी गावभर डांगोरा पिटला होता, तिने आमच्याच घराचं सोंग अडवलं होतं, आणि तेही सासूबाईंचं काम माझ्या हाती आलं त्याच दिवशी.

मी डोळे मिटून स्वतःला सांगितलं, दुसऱ्याच्या घरी आली आहेस असं समज. दुसऱ्याच्या घरी मी काय केलं असतं? आधी प्लग काढला असता. काढला. मग थांबले असते, कारण वीज तोडल्यावरही कुलूप लगेच सुटत नाही. थांबले. आत पाणी असताना दाराशी झोंबायचं नाही, पाण्याला खालची वाट द्यायची. मशीनच्या पायाशी उजव्या कोपऱ्यात एक झाकण असतं. ते उघडलं, आतली बारकी नळी ओढली, तिचं बूच काढलं आणि खाली परात धरली. नवरा पराती भरून बादलीत ओतत होता. चैत्रातलं पाणी, ते फेकवत नाही. सहा पराती निघाल्या. काचेतलं पाणी उतरत गेलं आणि शेला तळाशी बसला.

मग नळीशेजारची गोल जाळी फिरवून बाहेर काढली. जाळीबरोबर कापसाचा एक लगदा आला, आणि लगद्यात दाणे. नागलीचे दाणे, सालासकट भाताचे दाणे, सगळे फुगलेले. आत बॅटरी मारली. पाणी फेकणाऱ्या छोट्या पंख्याखाली एक भाताचा दाणा आडवा बसला होता. शिवणकामाच्या चिमट्याने तो काढला, बोटाने पंखा फिरवून पाहिला. फिरला.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मला लाज वाटली. दाणे तळहातावर घेऊन मी म्हटलं, "बाबा, हे शेल्यात कुठून आलं?"

सासरे वाकून बघत राहिले. "आपल्या गाठीतलं हाये," ते म्हणाले. "सोंग उतरलं की बाया ओवाळतात आन ओंजळभर दाणे देतात. मी ते टोकाला बांधून पेटीत ठेवतो. दर साली."

"मग दर साली सोडत कोण होतं?"

ते त्यांना माहीतच नव्हतं. मला मात्र आठवलं. दर वर्षी पेरणीच्या तोंडावर सासूबाई एक लहान पुडी आणून पोशेऱ्याच्या आमच्या वावरासाठी काढलेल्या बियाण्यात मिसळायच्या. मी पाहिलं होतं, विचारलं कधीच नव्हतं. पेटी उघडून गाठ सोडायची, दाणे काढून ठेवायचे, शेला धुवायचा, घडी घालून परत ठेवायचा, हे सगळं त्या एकट्या करायच्या. शेवटची गाठ सोडायला त्या राहिल्या नव्हत्या.

मी हे सांगितलं तसे सासरे सासूबाईंच्या पाटावर बसले. "इतकी सालं नाचलो," ते म्हणाले, "मला वाटायचं, पेटीतनं काढलं की टोक आपलं मोकळंच असतं." त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत. मलाही रडू आलं. सासूबाईंचा मला त्या क्षणी इतका अभिमान वाटला, की माझी सगळी फुशारकी त्यापुढे फिकी पडली.

तेवढ्यात कुलूप टक करून सुटलं. शेला बाहेर काढला, काठापासून काठापर्यंत उलगडून पाहिला. एक धागा निघाला नव्हता. पण साबण तसाच होता. नवरा म्हणाला, "आता हातानेच खळबळून टाक." मीही बादली ओढली होती.

"नको," सासरे पाटावरूनच म्हणाले. "लाव परत."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते मशीनकडे बघत होते. जाळी पुसून घट्ट बसवली, बूच लावलं, टोक नीट तपासून शेला आत ठेवला. पाणी आलं, फिरलं, आणि खळखळत बाहेर पडलं. सासरे शेवटपर्यंत काचेसमोरून उठले नाहीत. अंगणातल्या सावलीत शेला तासाभरात वाळला.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता त्यांनी तो माझ्या नवऱ्याच्या कमरेला बांधला. पीळ बरोबर बसला. नवरा नाचला, आणि चांगला नाचला. गर्दीतल्या एकाने सासऱ्यांना विचारलं, "शेला नवा घेतला काय?"

"जुनाच हाये," ते म्हणाले, चारचौघांना ऐकू जाईल असे. "आमच्या सुनेनं धुतला. राजाच्या गावची हाये ती."

तोच टोमणा, तेच शब्द. या वेळी मी उत्तर दिलं नाही, मान वर करून उभी राहिले.

सोंग उतरलं. बायकांनी ओवाळलं आणि दाणे नवऱ्याच्या ओंजळीत घातले. तो शेल्याचं टोक शोधायला लागला, तर सासऱ्यांनी त्याचा हात धरला आणि मला हाक मारली.

"इकडं ये. गाठ तू मार."

"मी? ही तर नाचणाऱ्यानं मारायची ना?"

त्यांनी दाणे माझ्या हातात दिले.

"मार. सोडायची तुलाच हाये."