देसूरकर वकिलांचं नाक

शरच्चंद्र देसूरकर बेळगावच्या टिळकवाडीत सगळ्यांना ठाऊक होते ते वकिलीमुळे नव्हे, नाकामुळे. वकिली त्यांनी आयुष्यभर बरी केली. दावे जिंकले, काही हरले, बरेचसे लांबवले. पण मुंजीच्या पंगतीत पहिला भात वाढला जाण्याआधीच, वाफेवरून, "हा येळ्ळूरचा, पण दोन वर्षांचा जुना दिसतोय," असं यजमानाला ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगणारा माणूस आमच्या गल्लीत तेवढा एकच होता. यजमान हसायचे. त्यांच्या बायका हसायच्या नाहीत.

वकिली सोडल्यावर तर त्यांना दुसरा उद्योगच उरला नाही. रविवारी सकाळी पोहे खाऊन ते स्कूटर काढत. पुढच्या हुकाला दोन कापडी पिशव्या, डोक्यावर हेल्मेट, हेल्मेटच्या आत कानटोपी. मार्चमध्ये खानापूरकडे ओले काजू, पावसाळ्यात कुणीतरी रानातून आणलेली अळंबी, सुगीनंतर नवा तांदूळ आणि वर्षभर उचगाव. उचगावात त्यांचा जोतिबा होता. बांधाच्या दाव्यात हा त्यांचा अशील. दर तारखेला येताना रताळी घेऊन यायचा. दावा बऱ्याच वर्षांनी मिटला, रताळी चालूच राहिली. दावा इतका का लांबला, याबद्दल आम्हा शेजाऱ्यांना एक शंका होती. ती आम्ही कधी बोलून दाखवली नाही.

घरी पद्मजाकाकू. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. नवऱ्यानं पिशव्या ओट्यावर ठेवल्या की त्या एवढंच विचारत, "आज कोणत्या तालुक्याचा दौरा होता?" त्या स्वतः कधी गेल्या नाहीत. त्यांना बोलावलं गेलं नव्हतं हेही खरं.

वाईन या घरात आली ती एका दिवाळीत. मुलगी मधुवंती बंगळूरहून आली, तिनं विजयपूरकडच्या द्राक्षांची एक बाटली आणली. वकिलांनी तोवर असल्या कशालाही हात लावलेला नव्हता. त्यांनी ग्लास आधी नाकाशी नेला, करारपत्र वाचावं तसा दोनदा हुंगला आणि मग एक घोट घेतला.

"हे आपल्याकडं पिकतं?" एवढंच म्हणाले.

"घरात बाटली ठेवायची नाही हं," पद्मजाकाकू म्हणाल्या.

"आयुर्वेदात द्राक्षासव आहेच की."

"मग तसंच घ्या. जेवणानंतर, दोन चमचे, समभाग पाण्यातून."

चमचे काही टिकले नाहीत. महिन्यातून एकदा वकील कॅम्पातल्या दुकानात जाऊ लागले. येताना पिशवीत खाली बाटली आणि वर मेथीची जुडी. मेथी आणायला टिळकवाडीतून कॅम्पात कुणी जात नाही हे सगळ्या गल्लीला कळत होतं, पण वकिलांना वाटायचं की कुणाला पत्ता नाही. मग त्यांनी आपल्या मुलखातलं कुठलं खाणं कुठल्या वाईनबरोबर जमतं याचा शोध सुरू केला. ओल्या काजूची उसळ आणि पांढरी वाईन, हे पहिलं यश. चुलीवर भाजलेल्या वांग्याचं भरीत आणि लाल वाईन, हे दुसरं. शेंगांच्या चटणीशी मात्र कुठलीच नांदेना. हे सगळं ते रात्रीच्या जेवणाला सविस्तर सांगत. समोर पद्मजाकाकू ताक पीत ऐकत असत. भूगोलाच्या तासाला शेवटच्या बाकावरच्या मुली ऐकतात, साधारण तसं.

गेल्या वर्षी गणपती झाल्यावर वकिलांना ताप आला. चार दिवसांत उतरला. अंगात शक्ती आली, चालणं-फिरणं सुरू झालं, पण नाक गेलं. सर्दी नव्हती, काही नव्हतं. सकाळी चहा समोर आला आणि त्यातलं आलं कुठं गेलं ते त्यांना कळेना. उदबत्तीजवळ जाऊन पाहिलं, तर नुसता धूर. त्यांनी कपाटातून बाटली काढली, बूच उघडलं, हुंगलं आणि परत लावून टाकलं.

आणि त्यांनी हे कुणालाच सांगितलं नाही.

त्या रविवारी ते नेहमीप्रमाणे उचगावला गेले. जोतिबाच्या बायकोनं, शालूबाईंनी, जेवायला थांबवून घेतलं. घरचा वासाचा तांदूळ संपला होता म्हणून रेशनच्या सोसायटीतून आणलेला साधा तांदूळ शिजवला होता. वकिलांनी ताटावर वाकून डोळे मिटले.

"वा, शालूबाई. हा वास दुसरीकडं कुठं मिळायचा नाही."

शालूबाईंनी जोतिबाकडं पाहिलं. जोतिबा भाकरीकडं बघत राहिला. वकील गेल्यावर तो म्हणाला, "काय बोलू नगंस. तापातनं उठलेत."

घरी मात्र ते फार दिवस लपलं नाही. एकदा आमटीला फोडणी देताना पद्मजाकाकूंच्या हातून हिंगाची डबीच तेलात उपडी झाली. त्या वासानं खाली आमच्या घरापर्यंत शिंका आल्या. आता हे ताट सरकवणार आणि जुन्या जमान्यातल्या आमटीवर व्याख्यान देणार, म्हणून काकू तयारीत बसल्या. वकिलांनी आमटी मुकाट्यानं ओरपली आणि आणखी एक वाटी मागितली.

संध्याकाळी काकूंनी आपणहून वाईनचा ग्लास भरून आणून दिला. लग्नाला पंचेचाळीस वर्षं होऊन गेलेल्या नवऱ्याला इथंच शंका यायला हवी होती. वकिलांनी ग्लास गोल फिरवला, उजेडात धरला, हुंगला, घोट घेतला.

"काळ्या मातीचा गुण उतरलाय," ते म्हणाले. "मागून जरा ओकच्या लाकडाचा स्पर्श."

"कोकम आहे ते," पद्मजाकाकू म्हणाल्या. "साखर घातलेलं."

वकिलांनी ग्लास खाली ठेवला. काकूंना वाटलं होतं आता हसू येईल, पण नवऱ्याचा चेहरा बघून आलं नाही.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"तापापासून. काहीच येत नाही, पद्मा. भात तोंडात घातला की कापूस चघळल्यासारखं वाटतं." ग्लास दूर सारत ते म्हणाले, "मला दुसरं येत काय होतं?"

काकूंनी उठून तो ग्लास मोरीत ओतला आणि दोघांसाठी चहा टाकला. आपण उगाच परीक्षा घेतली असं त्यांना त्या रात्री वाटत राहिलं, हे त्यांनीच पुढं आमच्याकडं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्या त्यांना कॅम्पातल्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडं घेऊन गेल्या. डॉक्टर म्हणाल्या, तापात असं होतं, बहुतेकांचं परत येतं, कधी ते सांगता येत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ चार ठरलेले वास घ्यायचे, मन लावून. काकूंनी चार डब्या केल्या: लवंग, लिंबाची साल, निलगिरी आणि गुलाब. वकील खुर्चीत डोळे मिटून बसत आणि काकू एकेक डबी नाकाखाली धरत. वकिलांनी इतकं लक्ष लग्नाच्या होमाकडंही दिलं नसेल.

रविवार आला की मात्र ते घरात घुसमटू लागले. जाऊन करायचं काय? शेवटी काकूच म्हणाल्या, "मी येते मागं बसून. मी वास घेते, तुम्हाला सांगते."

पहिली साक्ष फारच कच्ची झाली. येळ्ळूरच्या एका घरी काकूंनी मूठभर तांदूळ नाकाशी नेला.

"कसा आहे?"

"चांगला आहे."

"चांगला म्हणजे कसा?"

"तांदळासारखा."

"साक्षीदारानं नीट आठवून सांगावं."

"अहो, लोक बघताहेत."

पण उलटतपासणी घेण्यात वकिलांचा हात धरणारं कोर्टात कुणी नव्हतं, आणि काकूही वर्गात कुणाला अर्धवट उत्तरावर सोडणाऱ्या नव्हत्या. हळूहळू त्यांना शब्द सापडू लागले. एका तांदळाला त्या म्हणाल्या, "केवड्याचं पान कपड्यांत ठेवून काढून घेतल्यावर मागं राहतो तो." वकील तिथंच उभे राहिले. त्यांना वास आला नाही, पण कुठला ते समजलं. घरी येईपर्यंत स्कूटरवर ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले आणि काकू हेल्मेटमधून ओरडून सांगत राहिल्या.

वाईनचं आणखी अवघड होतं. काकूंनी जन्मात घोट घेतला नव्हता. पण कपाटातल्या बाटल्यांचं करायचं काय, आणि वकिलांचा जीव तर त्यांतच अडकलेला. एका संध्याकाळी काकूंनी खिडकीचा पडदा ओढून पांढऱ्या वाईनचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. मग पुन्हा एक घेतला.

"खडू," त्या म्हणाल्या.

"काय?"

"पावसाळ्यात ओल्या फडक्यानं फळा पुसला की खडूचा वास येतो, तो आहे. आणि वर कच्चं पपनस."

वकिलांना इतका आनंद झाला की त्यांनी मधुवंतीला फोन लावला. फोनवर अर्थात पूर्ण वेळ काकूच बोलल्या. त्यानंतर काकूंचे घोट दोनाचे चार झाले. कपाटात अगदी मागं जपून ठेवलेली वकिलांची लाडकी बाटली त्यांनी उघडायला लावली आणि वास घेऊन सांगितलं, "भिजलेलं पोतं." वकिलांनी अपील केलं. ते फेटाळलं गेलं.

दिवाळीनंतर रताळी निघाली तेव्हा दोघं उचगावला गेली, ती पिशवीत एक लाल वाईन घेऊनच. वर मेथी नव्हती. शेताच्या कडेला शालूबाईंनी विस्तवात रताळी भाजली. पेले स्टीलचे होते. जोतिबानं आपल्यासाठी चहा ठेवला. त्याला ह्या भानगडीत पडायचं नव्हतं.

"काय हाय वैनी त्यात?" शालूबाईंनी विचारलं.

"द्राक्षाची वाईन. घेऊन बघता? नको वाटलं तर राहू द्या."

शालूबाईंनी नवऱ्याकडं पाठ फिरवून एक घोट घेतला, वर रताळ्याचा तुकडा खाल्ला. विचार केला.

"जांभळं खाल्ल्यावर जीभ आखडती बघा, तसं लागतंय. पर रताळ्यासंगं झ्याक हाय."

"मला वाटलं भिजवलेल्या मनुका."

"व्हय, त्ये बी हाय."

दोघी बांधावर बसून बोलत राहिल्या. वकील रताळं सोलत ऐकत होते. गोड लागत होतं, गरम लागत होतं, बाकी काही नाही. पण मनुका आणि जांभळं यांच्यावर दोन बायका वाद घालताहेत, यात आपलं काही बिघडलेलं नाही असं त्यांना वाटलं. जोतिबा हळूच म्हणाला, "वकीलसाहेब, त्यो मागचा भात सोसायटीचा हुता."

"आत्ता सांगतोस?"

"तवा सांगितलं असतं तर जेवला नसता तुम्ही."

संक्रांतीच्या आधी चौघं निपाणीकडं निघाली. शालूबाईंच्या भावाचं, परशरामचं, तिकडं एका खेड्यात गुऱ्हाळ होतं आणि ताजी काकवी खायला या म्हणून त्याचं बोलावणं होतं. निपाणीला बसमधून उतरून पुढची रिक्षा गाठायला चौघं एका जुन्या गल्लीतून चालली. तिथं तंबाखूची एक वखार होती. पोती आत नेणं चाललं होतं. काकूंनी आणि शालूबाईंनी पदर नाकाला लावला. जोतिबा शिंकला.

वकील थांबले.

तंबाखूचा त्यांना आयुष्यभर तिटकारा. पान खाऊन आलेल्या अशिलाला ते दारातच चूळ भरायला लावत. तेच आता वखारीच्या दारात मान पुढं काढून उभे होते. डोळ्यांना पाणी आलं होतं, पण ते तंबाखूच्या झोंबण्यानं की कशानं, ते सांगता येत नव्हतं.

"पद्मा," ते म्हणाले, "घाण वास येतोय."

काकूंनी पदर खाली घेतला. "खरंच?"

"फार घाण."

ते आणखी आत सरकले. राखणदार उठून आला. "यारु बेकु?" त्यानं कानडीत विचारलं आणि मग मराठीत, "कोण पायजे तुम्हाला?"

"कुणी नको. जरा उभा राहतो."

"तंबाखू पायजे का?"

"नको. वास पाहिजे."

राखणदारानं जोतिबाकडं बघून डोक्याजवळ बोट फिरवलं. जोतिबा गंभीरपणे म्हणाला, "वकील हायेत. बेळगावचे." त्यानं राखणदाराचं समाधान झालेलं दिसलं. वकील तिथून हलेपर्यंत एक रिक्षा निघून गेली. कुणी त्यांना घाई केली नाही.

गुऱ्हाळावर परशरामनं पानावर गरम काकवी वाढली, सोबत जोंधळ्याची भाकरी. वकिलांनी वाकून वास घेतला. बराच वेळ घेतला.

"काय?" काकूंनी विचारलं.

"नक्की नाही. थोडं जळकं वाटतंय. पण माझा काही भरवसा नाही."

काकूंनी आपलं पान नाकाशी नेलं, मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "लागलीय तळाला. बोलू नका."

वकील बोलले नाहीत. मुंजीच्या पंगतीतला माणूस इथं नक्की बोलला असता. ह्या वेळी त्यांनी करपलेली काकवी पान पुसून खाल्ली, परशरामला हात जोडून छान झाली म्हणून सांगितलं आणि आणखी मागून घेतली.

नाक अजून पुरतं परतलेलं नाही. लवंग कळते, लिंबू कळतं, गुलाबाच्या जागी त्यांना कधी कधी रॉकेल येतं. कॉफीला करपट घाण येते म्हणून ती त्यांनी सोडून दिली आहे. पंगतीत हल्ली यजमान तांदळाचं विचारतात ते काकूंना, आणि काकू यजमानीणबाईंच्या कानात सांगतात. महिन्याच्या पहिल्या शनिवारी दोघं कॅम्पात जातात. दुकानात काकू बाटल्यांवरचं लिहिलेलं चष्मा लावून वाचतात, दुकानदाराला कुठल्या मातीतली द्राक्षं ते विचारतात, आणि वकील पिशवी उघडी धरून शेजारी उभे असतात.