दारासमोरची चुन्याची रेघ

मित्रांनो, आज सकाळी मी एका मावशीवर लय चिडलो, आन् आता घरी बसून मलेच कसंतरी होऊन राह्यलं.

आमचं काम फायबर केबल टाकायचं. खोदायच्या आधी नळवाले, बिजलीवाले, टेलिफोनवाले, सगळ्यांले फोन करकरून बोलवावं लागते. त्यांची लाइन जमिनीखालून कुठून जाते, ते चुन्याच्या रेघा मारून दाखवतात. काल मोठ्या मुश्किलीनं सगळे एकदाचे आले आन् गल्लीत रेघा मारून गेले.

आज जेसीबी घेऊन पोचलो, तर एका घरासमोरची रेघच गायब! तिथं शेणाचा ताजा सडा, वरून रांगोळी.

"मावशी, रेघ काहून पुसली? खाली बिजलीची केबल आहे. आता खोदू कसं?" मी ओरडलोच.

मावशीनं हातातली बादली खाली ठेवली. "मले वाटलं, घर तोडाचं निशान हाय. मागं रोड चौडा केला तवा असाच चुना मारून गेलते, मंग आमची ओसरी गेली. रातभर झोप नाई लागली, बाबू. म्हून सकाळीच सडा टाकला."

मी जेसीबी बंद कराले सांगितला आन् बिजलीवाल्याले पुन्हा बोलावलं. या वेळी त्यानं रेघ मारली, तवा मावशी बाजूलेच उभी होती.

सगळ्या ऑफिसांले फोन केलते मी. जिच्या दारात खोदाचं होतं, तिचं दार तेवढं वाजवलं नाही.

तुमच्या दारासमोर कोणी न सांगता रेघ मारून गेलं, तर तुम्हाले झोप लागंन काय?