वास आला की कापा

गेल्या महिन्यात एपीएमसीत आमच्या गाळ्यावर माझं आणि माझ्या लेकीचं कडाक्याचं भांडण झालं. कारण काय, तर इंग्रजीतलं एक वाक्य!

आम्ही हापूसवाले. वडिलांनंतर गाळा मीच बघते. इंग्लंडमधल्या एका दुकानदार बाईंना दरवर्षी आमच्या पेट्या जातात, आणि प्रत्येक पेटीत आंबा कधी कापायचा ते सांगणारी चिठ्ठी असते. ती मी लिहिते... माझ्या इंग्रजीत. 'पुट नोज ऑन टॉप. व्हेन स्मेल कम्स, देन कट. नो प्रेसिंग.'

मागच्या वर्षी लेकीने, पल्लवीने, हे बरोबर आहे का, नॅचरल वाटतं का, ते फोनवर तपासलं. फोन म्हणाला, नाही. त्याऐवजी लिहा, 'कन्झ्यूम व्हेन राइप.' दिसायला एकदम झकास... मीही मान डोलावली आणि तेच छापलं.

आणि तोंडावर आपटले. अहो, पिकलाय कधी हे कळत असतं तर चिठ्ठी हवी कशाला? तिकडे लोकांनी पिवळा दिसला की कापला, नाहीतर अंगठ्याने दाबून दाबून काळा केला. आंबट निघाला म्हणून तक्रारीच तक्रारी. बाईंनी स्पष्ट कळवलं, पुन्हा असं झालं तर तुमचा माल बंद. वडिलांनी जोडलेलं गिऱ्हाईक, ते असं घालवायचं?

म्हणून यंदा मी माझीच चिठ्ठी परत काढली. पल्लवी भडकली.

"आई, असं इंग्लिश कोणी बोलत नाही गं! लोक हसतील."

"आम्ही बोलतो ना! आणि हसू देत की. आधी हुंगू देत, मग हसू देत."

ती तणतणत ऑफिसला गेली, मी चिठ्ठ्या छापायला दिल्या. पण खरं सांगते, धाकधूक होतीच. पेट्या गेल्यापासून फोन वाजला की दचकायचे.

काल सकाळी बाईंचा मेसेज आला. आधी समोरचं गिऱ्हाईक उरकलं, मग उघडला... तर आत एक फोटो. त्यांच्या दुकानात एक गोरे आजोबा डोळे मिटून, आंब्याच्या देठाला नाक लावून उभे! खाली लिहिलं होतं, यंदा एकही तक्रार नाही. हीच चिठ्ठी मोठ्या अक्षरांत पाठवा, काउंटरवर लावायची आहे. शब्द बदलू नका.

फोटो तसाच पल्लवीला पाठवला. तिचं उत्तर आलं, 'बरं बाई, जिंकलीस.'

माझे वडील सहीच्या जागी अंगठा उठवायचे. पण मी एवढीशी असताना त्यांनी माझ्या नाकाशी आंबा धरला होता... "घे वास. काय सांगतोय बघ." ती चिठ्ठी खरं तर त्यांचीच आहे, मी फक्त इंग्रजीत उतरवली.

वाक्य बरोबर आहे का ते खुशाल फोनला विचारा. आंबा पिकलाय का, ते मात्र मला विचारायचं!