घडीखालचा ओढा

कोणाशीही नवी ओळख झाली की नकाशाअण्णांचा पहिला प्रश्न ठरलेला, “तुमच्या मोरीचं पाणी कुठं जातं?” माणूस गोंधळून म्हणायचा, गटारात. “आणि गटार?” इथं बहुतेक जण विषय बदलायचे. आपल्या पायाखालची जमीन कुठं उतरते हे ज्याला ठाऊक नाही तो अण्णांच्या लेखी भाडेकरूच, मग घर त्याच्या मालकीचं का असेना.

मी तर खरीच भाडेकरू होते, चामराजपेटेत त्यांच्या माडीवर. अण्णांचं घराणं कित्येक पिढ्या बंगळूरचं. मराठी घरापुरतं, त्यातही निम्मं कन्नड. सर्व्हेच्या कचेरीत त्यांनी आयुष्यभर एकच काम केलं : जीर्ण नकाशांवर पारदर्शक कागद अंथरून त्यांच्या नकला काढायच्या.

एकदा त्यांनी मला बसवनगुडीच्या चढावर एका कौलारू घरासमोर उभं केलं. “बघ. पुढच्या पन्हळीचं पाणी कावेरीला, मागच्या पन्हळीचं दक्षिण पिनाकिनीला.” मी हसले. त्यांनी नकाशा उलगडला आणि बोटाने दोन्ही वाटा समुद्रापर्यंत नेल्या. एकाच छपरावर शेजारी पडलेले दोन थेंब, आणि पुढे दोन वेगळ्या नद्या, वेगळी शेतं, वेगळी माणसं. त्या रस्त्याने मी रोज बसने जायचे. त्या दिवशी पाय जपून टाकत घरी आले.

“रेघ उगाच वाकत नाही,” असं ते नेहमी म्हणायचे. गावाची शीव मध्येच नाकासारखी पुढे आलेली दिसली की विचारायचे, “इथं कोण आडवं आलं? विहीर, की एखादी हट्टी म्हातारी?”

त्या वर्षी शहराच्या पूर्वेला, सखल भागातली शिवणकामगारांची एक वस्ती दुसऱ्यांदा कमरेभर पाण्यात गेली. नकाशात ओढाच नाही, तर नाला कसा बांधायचा, असं पालिकेतले साहेब लोक सांगत होते. वडील चळवळीतले, मी त्यांच्या पत्रकांवर वाढलेली. लगेच लिहिलं, बिल्डरांशी संगनमत करून अधिकाऱ्यांनी ओढा पुसला. छापलेला गठ्ठा त्या भागाच्या सरकारी नकाशासकट अण्णांसमोर ठेवला.

अण्णांनी भिंग लावलं. शिवेची रेघ एका जागी पट्टीने मारल्यासारखी सरळ गेली होती. मग त्यांनी कोपऱ्यातली, नक्कल काढणाऱ्याची सही पाहिली. ती त्यांचीच होती.

भिंग खाली ठेवून ते म्हणाले, “मूळ नकाशाला इथं घडी होती. मागचं कापड झिजलेलं. दिसत नाही ते जागेवर जाऊन बघायचं, असा नियम. सायकल होती माझ्याकडे. पण ऊन होतं. मी पट्टी लावली आणि रेघ जोडून टाकली. शीव ओढ्याला धरून वळत असणार, ती सरळ झाली आणि ओढा घडीतच राहिला.”

नंतरचा प्रत्येक नकाशा त्या नकलेची नक्कल होता.

“अण्णा, हे कोणाला कळायची गरज नाही. पत्रक तयार आहे.”

“तू कट म्हणतेस. कट नव्हता हे ते एका दिवसात दाखवतील, आणि तुझ्या खोट्याबरोबर खरा ओढाही जाईल. स्वल्प डोकं चालव ग.”

“पण तुमचं नाव?”

“ते कोपऱ्यात आहेच की.”

दुसऱ्या दिवशी आम्ही वस्तीत गेलो. उतार बघत अण्णा चालत राहिले आणि एका कुंपणापाशी थांबले. राडारोड्याखाली जुन्या दगडी पुलाची कमान होती. कितीतरी वेळ तिच्यावर हात ठेवून ते उभे होते. “सायकलवर अर्धा तास लागला असता,” एवढंच म्हणाले.

नाल्याच्या मागणीवर पालिकेत सुनावणी होती, तिला ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. दारात कचेरीतला जुना सहकारी म्हणाला, “काय अण्णा, पेन्शन पचेना होय?”

“सरी, बरोबर आहे, पचेना,” म्हणत अण्णा आत गेले. उभे राहून म्हणाले, “ओढा खरा आहे. तो मी पुसला.” मग नकाशावर वाकून त्यांनी सगळ्यांदेखत ओढ्याची निळी रेघ काढली आणि शेजारी सही केली. स्वतःविरुद्ध साक्ष देणारा इतका ताठ माणूस मी पाहिला नव्हता.

नाला मंजूर झाला. मी गठ्ठा रद्दीत दिला आणि नवं पत्रक लिहिलं. त्यात शत्रू नव्हता. तसं पत्रक मी पहिल्यांदाच लिहीत होते.

खोदकाम सुरू होण्याआधीच अण्णा गेले. पुढच्या पावसाळ्यात मी वस्तीत उभी होते. पाणी जोरात आलं, घरांच्या अलीकडेच नव्या नाल्यात वळलं आणि पिनाकिनीच्या दिशेने निघून गेलं. बायका उंबऱ्यात उभ्या राहून कोरड्या पायांनी ते बघत होत्या.