अप्पांच्या उशाजवळचा स्पीकर

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मला कायम चीड यायची. मी नांदेडला कॉम्प्युटरचंच काम करते. बिघाड म्हणजे बिघाड, त्याला कारण असतंच... तेव्हा मला अक्कल शिकवायची असेल तर आधी पूर्ण वाचा.

माहेर शिरूर अनंतपाळजवळ. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, अख्खं गाव शेतात जेवतं, घरोघरी कुलपं. आई गेल्यानंतरची ही पहिलीच येळवस. अप्पांचं, म्हणजे वडिलांचं, अर्धं अंग लुळं, बोलणं गेलेलं; घर सामसूम झालं की घाबरून रडतात. शेतात यायला तयार नव्हते, अन् मला सुट्टी मिळेना.

म्हणून माझ्या लॅपटॉपवर एक प्लेयर बसवला — बटणं-बिटणं काही नाहीत, सगळं कमांड टाइप करून. मी इथनं सनई लावायची, ती इंटरनेटवरून भावानं अप्पांच्या उशाजवळ ठेवलेल्या छोट्या मशीनवर, स्पीकरमधून वाजणार. सकाळी माझ्या हेडफोनमध्ये सूर आला. भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, मशीनची लाइट लागली बघ. ट्रॅक्टर थांबलाय, निघतो आम्ही."

दुपारी वहिनी अप्पांसाठी भज्जीची पातळ भाजी अन् आंबील घेऊन घरी आली अन् तिथूनच फोन केला. आवाज कापत होता.

"ताई, आत्याबाईंचं गाणं कुठनं लावलाव?" सासूला ती आत्याबाईच म्हणायची.

"कुठलं गाणं?"

"अवो, आंबील ढवळताना म्हणायच्या तेच! मधीच खोकल्या बी. अप्पा हसायलेत!"

आईचा आवाज कुणी कधी रेकॉर्डच केला नव्हता. सेटिंग उघडून बघते तर काय — एक ओळ बदलायचीच राहिली होती! प्लेयर फक्त माझ्याच लॅपटॉपला आवाज देत होता, बाहेरच्या मशीनला परवानगीच नव्हती. सनईसुद्धा गावाला पोचली नव्हती.

ब्लूटूथ म्हणाल, तर स्पीकर वायरचा. शेजाऱ्यांचा रेडिओ म्हणाल, तर शेजारी शेतात.

रात्री व्हिडिओ कॉलवर भाऊ म्हणाला, "शांती करू, अन् हे डबडं देतो फेकून."

माझं डोकंच फिरलं. "कुणाची शांती रे? आईची? आधी अप्पांना विचार, मग हात लाव!"

तो उचलायला गेला. अप्पांनी चांगल्या हातानं त्याचं मनगट धरलं ते सोडेचनात.

काय होतं ते मला आजही कळलेलं नाही, अन् कळल्याचा आव मी आणणार नाही. ती ओळ दुरुस्त करायला मिनिटभरही लागत नाही. केलेली नाही. करणारही नाही.